काठ्या मोजा, मग टॉर्पेडो सोडा: 208-जे घेऊन खेळलेला पावसाळा

मी रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात ट्रॉलरवर तांडेल आहे. 1 जूनला मासेमारीला बंदी लागते, बोट वर ओढली जाते आणि 31 जुलैपर्यंत रात्री मोकळ्या असतात. दोन वर्षांपूर्वी भाच्याने त्याचा जुना कॉम्प्युटर दिला, त्यात ‘सायलेंट हंटर 4’ होता. 2007 सालचा हा गेम पॅसिफिकमधल्या अमेरिकन पाणबुड्यांचा आहे. यंदा मी त्यात सगळी मापं स्वतः घेण्याचा पर्याय चालू केला आणि सोबत खऱ्या युद्धातली, जहाजं ओळखायची पुस्तिका ठेवली. हा रिव्ह्यू त्या पुस्तिकेचा आहे.

पुस्तिकेचं नाव ओ.एन.आय. 208-जे. अमेरिकी नौदलाच्या गुप्तवार्ता खात्याने दुसऱ्या महायुद्धात जपानी व्यापारी जहाजांसाठी ती काढली होती. युद्धनौकांसाठी 41-42 ही वेगळी पुस्तिका आहे. स्कॅन मोफत मिळतात. मी मारुती मंदिराजवळ साठेक पानं छापून स्पायरल करून घेतली. फोटो काळेच आले, पण बाजूची रेखाचित्रं स्वच्छ उमटली आणि काम त्यांचंच आहे. आमच्याकडे पावसात कागदाला ओल धरते, म्हणून रोजची दहा पानं लॅमिनेट केली. तुम्हीही तेवढा खर्च कराच.

आता उपयोग. पेरिस्कोपमधून अंतर काढायला गेममध्ये स्टॅडीमीटर आहे. जहाजाची दुसरी प्रतिमा सरकवून तिची पाण्याची रेघ पहिल्या प्रतिमेच्या डोलकाठीच्या टोकाला टेकवायची. काठीची उंची माहीत असेल तर कोनावरून अंतर मिळतं. उंचीत दहा टक्के चूक झाली की अंतरातही दहा टक्के चूक, म्हणजे 2000 यार्डांवर 200 यार्ड. सगळा हिशोब जहाज बरोबर ओळखण्यावर उभा आहे.

म्हणूनच एक गोष्ट आधी सांगतो. 208-जेमधले आकडे उचलून गेमच्या स्टॅडीमीटरला देऊ नका. गेममधलं जहाज आणि कागदावरचं जहाज एकाच मापाचं असेल असं धरून चालता येत नाही, त्यामुळे उंची गेमच्याच पुस्तकातून घ्या. मी पहिले आठ दिवस उलटं करत होतो आणि एकामागून एक टॉर्पेडो रिकामे गेले.

मग पुस्तिका कशाला? नजरेसाठी. त्या काळच्या जहाज-ओळखीत एक रीत होती: नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, मागे येत उभ्या गोष्टी वाचायच्या. काठीला एम, माल चढवण्याच्या जाड खांबाला के, धुरांड्याला एफ. तीन-चार अक्षरांत जहाजाची ओळख पटते. पुढे बघायचं की मधला मजला एकसंध आहे की दोन भागांत तुटलेला, आणि धुरांडं मधे आहे की मागे. पहाटेच्या अंधुक उजेडात रंग दिसत नाही, नाव तर नाहीच, पण ही उभी-आडवी रचना दिसते. आम्ही समुद्रात हेच करतो. दोन मैलांवरून येणारी बोट कोणाची ते केबिनच्या उंचीवरून आणि जाळं ओढायच्या लोखंडी चौकटीवरून (गॅलोज) सांगतो. त्यामुळे ती पानं मला परकी वाटली नाहीत.

सगळ्यात मोठा फायदा नाळेच्या कोनाचा, म्हणजे समोरचं जहाज आपल्याला किती तिरकं दिसतंय त्याचा. बहुतेक जण तो अंदाजाने टाकतात. समजा जहाज 400 फूट लांब आहे आणि काठी पाण्यापासून 100 फूट, म्हणजे आडवं दिसताना लांबी उंचीच्या चौपट. पेरिस्कोपमध्ये ती दुपटीइतकीच भरली, तर कोन 30 अंश, नाहीतर पाठमोरं जहाज असेल तर 150. रेखाचित्रांवर पट्टी ठेवून मी हे इतकं घोटलं की आता कागद लागत नाही. वेगही तसाच. पाणबुडी थांबवायची आणि नाळेपासून शेवटापर्यंत जहाजाला उभी रेघ ओलांडायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. 400 फुटांना 24 सेकंद लागले तर वेग जवळपास 10 नॉट.

एक गोष्ट मात्र कोणत्याही चित्रात मावत नाही. भरलेली बोट खाली बसते, रिकामी वर येते. मालवाहू जहाजात हा फरक 10 फुटांवर सहज जातो. बर्फ आणि मासळी भरून परतणारी आपली बोट लांबून निम्मी दिसते, हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. पुस्तिका वापरणाऱ्याने जहाजाच्या तळाकडचा लाल पट्टा पाण्याबाहेर किती उघडा आहे ते बघितलंच पाहिजे.

हे वाचताना मला ‘आवा मारू’ हे जपानी जहाज सतत आठवतं. 1 एप्रिल 1945 ला ‘क्वीनफिश’ पाणबुडीने धुक्यात, फक्त रडारवर बघून, ते विनाशिका समजून बुडवलं. त्या जहाजाला अमेरिकेनेच सुरक्षित वाटेचं वचन दिलं होतं. दोन हजारांहून जास्त माणसं गेली, एक जण वाचला. आणि आपल्या बाजूचीही साधी माणसं अशी गेलीत: मुंबईहून आफ्रिकेला निघालेलं ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज 23 नोव्हेंबर 1942 ला जपानी पाणबुडी आय-29 ने बुडवलं, 280 जण गेले. माझ्या आजोबांच्या वयाची माणसं तेव्हा बोटीवर खलाशी म्हणून जात होती. त्यामुळे गेममध्येही मी धुक्यात, न बघता टॉर्पेडो सोडत नाही.

एक उणीव: नवीन माणसाला सगळी पुस्तिका अंगावर येते. सुरुवातीला दहाच जहाजं घ्या. मी तेवढीच पानं घेऊन संध्याकाळी रत्नदुर्गावर जातो आणि जयगड बंदराकडे जाणारी जहाजं दुर्बिणीतून वाचतो. आजच्या बहुतेक मालवाहू जहाजांत घर आणि धुरांडं दोन्ही मागे असतं, जुनी तीन बेटांची रचना (पुढे, मधे आणि मागे असे तीन उंच भाग) मला इथे दिसत नाही, पण कोन काढायचा सराव चांगला होतो. काल एक बल्क कॅरियर 40 अंशांवर धरलं. थोड्या वेळाने ते वळलं आणि पूर्ण आडवं झालं, तेव्हा पूर्ण लांबी मोजून हिशोब पुन्हा केला: आधीचा कोन 45 होता.