पॅरासेटचं किट: जोडलं, वापरलं आणि मनापासून आवडलं

मी मिल्टन कीन्सला राहतो आणि इथून जवळच व्हॅडन हॉल आहे, जिथे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तहेर खात्याचं वायरलेसचं काम चालायचं आणि पॅरासेट हा गुप्तहेरांचा छोटा मोर्स रेडिओ तिथलाच, म्हणून त्याचं रेप्लिका किट मागवलं. फक्त तीन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या निर्वात नळ्या), ट्रान्समीटरला एक 6व्ही6 आणि रिसीव्हरला दोन 6एसके7, मोर्सची की (संदेश ठोकायचं बटण) पॅनलवरच बसवलेली, पॉवर साधारण 5 वॅट, बस्स! आणि एवढ्यावर व्यापलेल्या फ्रान्समधून माणसं ब्रिटनशी बोलायची.

जोडायला तीन वीकेंड गेले. विक्रेत्याने एक रेझिस्टर चुकीचा पाठवला, दोन मेल केले तरी उत्तर नाही, शेवटी माझ्या डब्यातला लावला. याचा राग आला खरा.

पण चालू केल्यावर सगळं विसरलो. ट्यूनिंगची नॉब केसभर फिरवली की स्टेशन गायब, हात जवळ नेला तरी शिट्टीचा सूर बदलतो, आणि ट्रान्समीटर जुळवताना छोटा बल्ब जास्तीत जास्त उजळेपर्यंत ॲडजस्ट करत बसायचं. रिसीव्हर रीजनरेटिव्ह आहे, म्हणजे ऐकतानाही तो स्वतः थोडा सिग्नल बाहेर फेकतो, आणि बाहेर असे सिग्नल हुडकणाऱ्या जर्मन डिटेक्शन व्हॅन फिरत असताना हे घेऊन बसणाऱ्यांचं काय होत असेल हो! 7.030 मेगाहर्ट्झवर नेदरलँड्सच्या एकाने उत्तर दिलं तेव्हा माझा हात थरथरत होता.

व्हॉल्व्हना 300 व्होल्टच्या वर लागतं, त्यामुळे नवख्याने एकट्याने हात घालू नये. बाकी पाचपैकी साडेचार.