गिरणगावावर प्रबंध लिहिताय? आधुनिकीकरण, परावलंबन की जागतिक व्यवस्था

समाजशास्त्राच्या एमएला गिरणगाव हा विषय घेतला की मार्गदर्शक विचारतात, सैद्धांतिक चौकट कोणती? विकासाचे सिद्धांत मांडणाऱ्या रोस्टो, फ्रँक आणि वॉलरस्टीन यांची तिन्ही नावं पहिल्या प्रकरणात घालून पुढे विसरून जाणं सोपं असतं. त्यापेक्षा प्रत्येक सिद्धांत मुंबईच्या गिरण्यांवर लावून बघावा आणि टिकेल तो घ्यावा.

आधुनिकीकरणाचा सिद्धांत मांडायला सर्वांत सुटसुटीत आहे. वॉल्ट रोस्टोने 1960 मध्ये विकासाचे पाच टप्पे सांगितले, पारंपरिक समाजापासून भरघोस उपभोगाच्या समाजापर्यंत. उद्योग आला की गाव, जात आणि नातेसंबंध यांची पकड सैल होते, हे या परंपरेचं मुख्य गृहीतक. गिरणगावात नेमकं तेच अडखळतं. कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला. त्यानंतर कित्येक पिढ्या चाकरमान्याचं कुटुंब कोकणातच राहिलं. तो गाववाल्यांच्या खोलीत झोपायचा, खानावळीत जेवायचा आणि मनीऑर्डर गावी धाडायचा. जॉबर, म्हणजे कामगार आणणारा मुकादम, भरती करायचा तीही बऱ्याचदा ओळखीपाळखीतून, आपल्याच माणसांची. विणखात्यात शटलमधून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून दलित कामगारांना तिथे शिरू दिलं जात नसे. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संघटनांसमोर ठेवला. यंत्र साहेबाच्या देशातलं, चांगली मजुरी देणारं खातं सवर्णांचं!

हे सगळं ‘परंपरेचे अवशेष’ म्हणून सोडून देता येत नाही. बदली कामगाराला, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजच्या रोज घेतल्या जाणाऱ्याला, उद्याच्या कामाची खात्री नव्हती. आजारपणात, संपात, म्हातारपणी गावचा तुकडाच आधार होता. गिरणीला हवे तेव्हा वाढवता आणि कमी करता येतील असे हात लागत होते आणि गाव ते पोसत होतं. म्हणजे गावाशी असलेलं नातं खुद्द गिरणीनेच जिवंत ठेवलं. माझ्या मते प्रबंधाचा कणा इथेच आहे, आणि रोस्टोच्या टप्प्यांत त्याला जागा नाही.

आंद्रे गुंडर फ्रँकची परावलंबनाची मांडणी 1960 च्या दशकातली, लॅटिन अमेरिकेच्या अनुभवातून आलेली. परिघावरचे, म्हणजे गरीब देश मागे राहिले ते केंद्राशी, म्हणजे श्रीमंत देशांशी जोडले गेल्यामुळेच, असं तो म्हणतो. दादाभाईंचा संपत्तीवहनाचा विचार वाचलेल्या मराठी विद्यार्थ्याला हे परकं वाटणार नाही. 1896 मध्ये इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांच्या दबावाखाली भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला, हा पुरावा फ्रँकच्या बाजूने भक्कम आहे. पण पेटिट आणि टाटांसारखे स्थानिक भांडवलदार उभे राहिले कसे, यावर त्याच्याकडे पुरेसं उत्तर नाही. ते परावलंबनाच्याच परंपरेतल्या कार्डोसो आणि फालेत्तो यांच्याकडे मिळतं. बाहेरची सत्ता आणि आतले वर्ग यांची सांगड कशी बसते, हे प्रत्येक देशाच्या इतिहासातून तपासा, असा त्यांचा 1969 चा आग्रह होता. यंत्रं लँकेशायरची, पैसा बराचसा इथल्या व्यापाऱ्यांचा, सुताची बाजारपेठ चीनची: मुंबई अशीच वाचावी लागते.

साऱ्या जगाकडे एकच भांडवली व्यवस्था म्हणून बघणारी वॉलरस्टीनची जागतिक व्यवस्था (1974) बंदरासाठी उत्तम आहे. माळव्याची अफू चीनला जाणं, 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीत कापसाचे भाव भडकणं आणि युद्ध संपताच मुंबईचा बाजार कोसळणं, हे एकाच चित्रात तोच बसवतो. मात्र तितक्या उंचीवरून चाळीचा मजला दिसत नाही.

धर्म आणि भांडवलशाहीचं नातं सांगणाऱ्या मॅक्स वेबरसाठी वेगळं प्रकरण करू नका. तोच तुमचा प्रश्न असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा कामगारांऐवजी पारशी आणि भाटिया व्यापारी घराणी अभ्यासावी लागतील.

तुमचा विषय बंदर आणि व्यापार असेल तर वॉलरस्टीन घ्या. भरती, बदली, जात किंवा संप असेल तर कार्डोसो आणि फालेत्तो घ्या, आणि आधुनिकीकरणाचं गृहीतक खोडून काढायचा दावा म्हणून समोर ठेवा. या दुसऱ्या वाटेला कष्ट जास्त आहेत. 1875 मध्ये स्थापन झालेल्या गिरणीमालक संघाचे अहवाल आणि 1929 च्या शाही श्रम आयोगापुढच्या साक्षी वाचाव्या लागतील, आणि लालबाग-परळच्या जुन्या कामगारांशी बोलावं लागेल. मुलाखती आधी उरका. कागद थांबतील, ती माणसं आता फार थकली आहेत.