मुका मार आणि मानेच्या रक्तवाहिन्या: युटा स्कोअर की मॅकगव्हर्न?

अपघातात डोक्याला मुका मार लागलेलं मूल आलं, साधा सीटी झाला. मानेच्या रक्तवाहिनीला इजा झाली आहे का हे पाहायला आता मानेची सीटी अँजिओ (शिरेतून काँट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध, देऊन काढलेला सीटी) जोडायची का? अँजिओ कोणाची करायची हे ठरवणारे डेन्व्हर आणि मेम्फिसचे निकष मोठ्या माणसांवरून बांधलेले आहेत, म्हणून मुलांसाठी निवड युटा आणि मॅकगव्हर्न या दोन स्कोअरांत करावी लागते.

दोघांचा सांगाडा एकच. जीसीएस (शुद्धीची पातळी सांगणारा आकडा) ८ किंवा कमी असेल तर १ गुण, फोकल डेफिसिटला (एखाद्या भागाची कमजोरी किंवा बधिरपणा) २, कॅरोटिड कॅनालच्या (मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी कवटीत शिरते तो बोगदा) फ्रॅक्चरला २, पेट्रस हाडाच्या (कानामागचं कवटीच्या तळाचं हाड) फ्रॅक्चरला ३, सीटीवर इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला मेंदूचा भाग) दिसला तर ३. बेरीज ३ झाली की अँजिओ. मॅकगव्हर्नमध्ये वेगाच्या वाहन-अपघाताचे आणखी २ गुण असतात, फरक तेवढाच.

युटा आटोपशीर आहे. स्कॅन कमी होतात, थायरॉइडवरचं रेडिएशन टळतं, आणि लहान जिवाच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

अडचण अशी की युटाच्या एकूण ११ गुणांपैकी ८ सीटीवरून मिळतात. गडचिरोली-गोंदियाकडून नागपूरला रेफर होऊन आलेल्या मुलासोबत पुष्कळदा नुसती फिल्म असते: ५ मिमीचे काप, फक्त ब्रेन विंडो (मेंदू दिसेल पण हाड नीट दिसणार नाही अशी मांडणी), सीडीचा पत्ता नाही. त्या जाडीत पेट्रसची केसाएवढी चीर विरून जाते. दिसलं नाही म्हणून आपण शून्य लिहितो आणि तो शून्य पुढे ‘फ्रॅक्चर नाही’ असा वाचला जातो. मूल ट्यूब टाकून, सिडेट करून आणलेलं असेल तर डेफिसिटही नीट तपासता येत नाही. हातात जीसीएसचा १ गुण उरतो आणि युटाच्या हिशेबात मूल सुटतं. मॅकगव्हर्नमध्ये त्यात अपघाताचे २ मिळतात, बेरीज ३ होते. धडक कशी झाली हे फिल्मवर अवलंबून नसतं.

याची किंमत म्हणजे वेगाच्या वाहन-अपघातातल्या, जीसीएस ८ किंवा कमी असलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाची अँजिओ होते. आमच्या मते ती परवडते. स्वतःच्या मशीनवर १ मिमीचे बोन काप त्याच रात्री मिळत असतील, तर मात्र युटा वापरणाऱ्याला चूक म्हणवत नाही.

मान मात्र दोघांनीही सोडली आहे. गाडीच्या चाकात दुपट्टा अडकून बसलेला फास, वाढत जाणारा हेमॅटोमा (साकळलेल्या रक्ताची गाठ), हॉर्नर (एका बाजूची पापणी लोंबणं आणि बाहुली बारीक होणं), मानेच्या मणक्याचं फ्रॅक्चर यांपैकी काही असेल तर गुण मोजत बसू नये, थेट अँजिओ करावी. (संक्रांतीच्या मांजाने चिरलेला गळा इथे बसतच नाही. ती उघडी जखम आहे, तिचे नियम वेगळे.)

अँजिओ करताना व्हेनफ्लॉन (शिरेत बसवायची सुई-नळी) उजव्या कोपरात, बहुतेकांना २२ गेजचा. डाव्या हातातून दिलेला घट्ट काँट्रास्ट महाधमनीच्या फांद्यांसमोरून जातो आणि नेमकं मूळ पट्ट्यांनी झाकतो. काँट्रास्ट किलोमागे १.५ ते २ मिली, मागून सलाइनचा झोत. काप महाधमनीच्या कमानीपासून सर्कल ऑफ विलिसच्या (मेंदूच्या तळाशी असलेलं धमन्यांचं कडं) वरपर्यंत. ग्रेड १ ची, म्हणजे सर्वांत सौम्य, इजा दिसली तरी ७ ते १० दिवसांनी पुन्हा इमेजिंग ठरवून ठेवावं. मूल तोवर स्थिर असेल तर तेव्हा एमआर अँजिओ (एमआरआयवर काढलेली अँजिओ) चालते.