वेर्दिक्किओ: येझीची घ्यावी की मातेलिकाची?

मध्य इटलीतील मार्के प्रांतात पिकणाऱ्या वेर्दिक्किओ या पांढऱ्या द्राक्षाची वाइन घ्यायचे ठरवले, की दोन नावे समोर येतात: ‘वेर्दिक्किओ देई कास्तेल्ली दी येझी’ आणि ‘वेर्दिक्किओ दी मातेलिका’. दोन्हींत या द्राक्षाचे प्रमाण किमान ८५ टक्के असावे लागते आणि दोन्ही भागांतून एझिनो ही एकच नदी वाहते. तरीही पेल्यात फरक जाणवतो आणि त्याचे मूळ नदीच्या वळणात आहे.

मातेलिकाजवळ एझिनो उत्तरेकडे, म्हणजे किनाऱ्याला जवळपास समांतर वाहते, आणि मध्ये मोंते सान विचिनोसारखे डोंगर असल्यामुळे एड्रियाटिक समुद्राची उबदार हवा या खोऱ्यात फारशी येत नाही. हिवाळा कडक असतो, उन्हाळ्यात दिवस तापले तरी रात्री गार होतात. त्या गारव्यात द्राक्षातील आम्ल टिकून राहते आणि फळ सावकाश पिकते. पुढे नदी पूर्वेकडे वळून समुद्राकडे निघते. येझीभोवतीच्या टेकड्या त्यामुळे समुद्राला मोकळ्या आहेत, तिथले हवामान सौम्य आहे आणि वाइनही अधिक गोलसर, फळांच्या गंधाची होते.

दोन्हींत लिंबू, हिरवे सफरचंद, थोडी बडीशेप आणि शेवटी कडवट बदामाची खूण असते. हा कडवटपणा दोष नसून या द्राक्षाचा स्वभाव आहे, आणि तो आवडणार नसेल तर दोन्हींपैकी एकही बाटली घेऊ नये. मातेलिकाची वाइन अधिक ताठ, अधिक आंबट असते आणि पहिल्या वर्षी काहीशी अबोल वाटते. येझीची लगेच बोलू लागते.

येझीच्या वाइनवर एक जुना ग्रह बसलेला आहे. १९५३ साली फात्सी बात्ताल्या या उत्पादकासाठी सुरईच्या आकाराची हिरवी बाटली घडवली गेली. तिने हे नाव जगभर पोहोचवले, पण ही हलकी, सुटीत पिण्याची वाइन आहे असा समजही त्याबरोबरच पसरला. तो समज अन्यायाचा आहे. कुप्रामोंताना आणि स्ताफ्फोलो या गावांच्या उंच मळ्यांतील वाइन भरदार असते, आणि मोठ्या ओकच्या पिंपांत मुरणारी ‘विल्ला बुच्ची’ ही रिझर्वा दहा वर्षांनीही ताजी राहू शकते. रिझर्वा म्हणवून घेण्यासाठी दोन्ही भागांत किमान १८ महिने मुरवण्याची अट आहे.

म्हणून निवड ताटाकडे पाहून करावी. अँकोनाचा ब्रोदेत्तो, म्हणजे अनेक प्रकारच्या मासळीचा टोमॅटो-व्हिनेगर घातलेला रस्सा, किंवा साधी तळलेली मासळी असेल तर येझीची ‘क्लासिको’, म्हणजे मूळ जुन्या पट्ट्यातली, घ्यावी. ती सहज मिळते आणि बहुधा स्वस्तही असते. बडीशेपेच्या पाल्यात शिजवलेला ससा किंवा पास्त्याच्या पट्ट्यांमध्ये मांसाच्या सॉसचे थर दिलेले विंचिस्ग्रास्सी असेल तर मातेलिका उजवी ठरते, कारण तिचे आम्ल चरबीला कापून काढते. मातेलिकाचे क्षेत्र येझीच्या मानाने फार लहान असल्याने बाटली शोधावी लागते. मला एकच ठेवायची असेल तर मी तीच ठेवीन, आणि तीही दोन-तीन वर्षे न उघडता. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची मातेलिकाचीच ‘मिरुम’ मिळाली तर त्याहूनही अधिक काळ.

दोन्ही मिळाल्या नाहीत, तर गार्दा सरोवराच्या दक्षिण काठावरची लुगाना पाहावी. जनुकीय चाचण्यांनुसार तिथले तुर्बियाना हे द्राक्ष वेर्दिक्किओच आहे.

कोवळी वाइन १० अंशांच्या आसपास, तर रिझर्वा १२ ते १४ अंशांवर, मोठ्या पेल्यात द्यावी. फ्रीजमधून काढून थेट ओतली तर गंध दबून राहतो आणि कडवटपणा तेवढा पुढे येतो. वीस मिनिटे बाहेर ठेवली, तर तोच बदाम मागे सरून फळ वर येते.