तोंडात बघायचा दिव्याचा आरसा: साडेतीन तारे

वीस वर्षं तंबाखू खाल्ली, सोडून चार झाली. गेल्या वर्षी डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला नाही. पण डॉक्टरांनी बजावलं, दर सहा महिन्यांनी दाखवायचं आणि मधे महिन्यातून एकदा घरी बघायचं. एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्यात चमचा, असे प्रयोग करून झाले. शेवटी हा घेतला.

तिरक्या मानेचा, नाण्याएवढा आरसा. जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा, म्हणजे कॅन्सर जिथे जास्त आढळतो त्यांतल्याच जागा, मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिली. जीभ मात्र गॉजने धरून ओढावी लागते, नाहीतर सटकते. आत घातला की श्वासाने काच धूसर होते. त्यावर उपाय असा: आधी गालाच्या आतल्या ओल्या कातडीवर एकदा फिरवायचा. लाळेचा थर बसला की वाफ धरत नाही. सोबतच्या कागदात हे कुठेच लिहिलेलं नाही!

मोठी तक्रार दिव्याची. निळसर उजेडात सगळंच पांढुरकं दिसतं आणि लाली फिकी पडते. लाल चट्टा तर पांढऱ्याहून जास्त धोक्याचा. पहिल्या रात्री मी तीन ठिकाणी घाबरलो. जिभेच्या मुळाशी दाण्यांची रांग दिसली. ती सगळ्यांनाच असते. वरच्या दाढेसमोर गालात बारीक उंचवटा. ते लाळेच्या नळीचं तोंड. तिसरा पांढरा डाग गॉजने पुसला, तर टूथपेस्ट! (पुसून न जाणाऱ्याची काळजी करायची.) बायको म्हणाली, "अहो, झोपा आता, आणि तो आरसा इकडे द्या."

आरशाचं डोकं दांड्यापासून निघत नाही, त्यामुळे उकळता येत नाही, स्पिरिटने पुसतो. चट्ट्याचा कडकपणा आरशात दिसत नाही, त्यासाठी हात धुऊन बोटाने चाचपावंच लागतं. आणि दोन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं किंवा ओठावरचं फोड-जखम असेल, तर आरशात बघत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

माझा चट्टा करंगळीच्या नखाएवढा आहे. वहीत आकार काढून तारीख टाकतो. तीन महिन्यांत तेवढाच आहे. दिवा पिवळसर असता तर चार तारे दिले असते.