चेनला नव्वदचं ऑइल की स्प्रे?

रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला राहून जुनी स्प्लेंडर घरीच सांभाळायची, तर चेनशी कायमचं नातं जुळतं. खारं वारं लागलं की लोखंड बघता बघता तांबूस.

मी नव्वद नंबरच्या गिअर ऑइलचा माणूस. स्प्लेंडरला पूर्ण चेनकव्हर असतं. ते उतरवायचं, डिझेल आणि जुन्या टूथब्रशने चेन घासायची, फडक्याने कोरडी करायची. मग गाडी बंद, न्यूट्रलमध्ये, मागचं चाक हाताने फिरवत चेनच्या आतल्या बाजूला थेंब थेंब तेल. चाक फिरताना ते बाहेर फेकलं जातं, म्हणून आतून सोडायचं. रात्रभर मुरवून जादाचं पुसायचं. आळस केलात तर रिमवर काळे शिंतोडे. (आमच्या पडवीतल्या लाद्यांवरही, पण तो विषय घरात काढत नाही.)

चेनला वंगण द्यायचा डब्यातला स्प्रे महाग, पण चिकटून राहतो, उडत कमी, दोन मिनिटांत काम. फक्त ओल्या, रेतीच्या चेनवर मारलात तर पाणी आत कोंडतं आणि रेती कानशीसारखी रोलर खाते. पावसाळ्यात इथे कोरडी चेन मिळणार कधी? म्हणून जून ते सप्टेंबर ऑइलच, दर आठवड्याला. स्प्रे दिवाळीनंतर.