पद्मिनीचे ब्रेक नव्याने केले: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

बाबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. गेल्या दिवाळीआधी तिचे ब्रेक मुळापासून केले. आता उन्हाळा, कुंभार्ली घाट आणि निम्मा पावसाळा काढून झालाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसव, असं बहुतेकांनी सुचवलं. मी चारही चाकांना जुने ड्रम ब्रेकच (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून शू दाबतात ते) ठेवले आणि आजही मला तेच योग्य वाटतं. ब्रेक जुन्या पद्धतीचे म्हणून दगा देत नाहीत, आतलं रबर आणि ऑइल सडलं की देतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, त्याने ऑइलच्या दाबाने शू ढकलणारे सिलिंडर आतून गंजतात. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं. ओलावा मुरला की ही मर्यादा १४० च्या आसपास येऊ शकते. घाटात ब्रेक तापून त्याची वाफ झाली की पेडल थेट तळाला. त्यात आमच्या पद्मिनीला ऑइलचं एकच सर्किट, म्हणजे एका चाकाशी गळती लागली तरी चारही ब्रेक गेले.

मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर उघडला तेव्हा पिस्टन जागचा हलेना. आत चहाच्या गाळासारखा तपकिरी चिखल. चारही व्हील सिलिंडर, पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर, होज पाईप नवे घातले, ड्रम लेथवर टर्न केले, शूला नवे लायनर (ड्रमला घासणारे पट्टे) लावले. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या प्रेशरने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या.

ब्रेकच्या पाईपांतली हवा काढायला बाबा पेडलवर बसले, मी खाली. लहानपणी पेडलवर मी असायचो आणि गाडीखालून त्यांचा आवाज यायचा, "दाब... धरून ठेव... सोड." यावेळी सोड म्हणायची पाळी माझी होती, पण सूचना त्यांच्याच: "नळीचं टोक ऑइलात बुडलेलं ठेव, नाहीतर हवा परत ओढेल."

पेडल आता वरच लागतं, गाडी एका बाजूला ओढत नाही. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसल्यामुळे पाय मात्र जोरात दाबावा लागतो; आजची गाडी चालवून लगेच हिच्यात बसलात तर अंतर जास्त ठेवा. मे महिन्यात चिपळूणला जाताना कुंभार्ली सेकंड गिअरमध्येच उतरलो. ज्या गिअरला घाट चढेल त्याच गिअरला उतरायचा, हा बाबांचा नियम. डिकीत चाकाला लावायची लाकडी उटीही त्यांनी आठवणीने टाकायला लावली. आई मागे निवांत झोपली होती, आणि घाटात आईला झोप लागणं ही आमच्या घरातली सर्वांत मोठी पावती.

पावसात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ड्रम भिजतात आणि पहिले एक-दोन ब्रेक पोकळ लागतात. मागे कोणी नसताना हलका पाय ठेवून थोडं चालवलं की सुकतात. मध्यंतरी पेडल जरा खाली गेलं, तेव्हा ब्रेक टाइट करून घेतले.

काम काढलंत तर एकाच चाकाचं किट बदलून थांबू नका, सगळी रबरं एकदम बदला. ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्या आणि दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, पूर्ण बदला.